हौशी विमानबांधणीतील संगणक-साहाय्यित अभिकल्प

हौशी विमानबांधणीतील संगणक-साहाय्यित अभिकल्प ही स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा छंदासाठी विमान बांधणाऱ्यांमध्ये रूढ झालेली कार्यपद्धती आहे. तीत विमानाचे भाग, त्यांची जुळणी, हालचाल व वजन आधी संगणकावरील त्रिमितीय प्रतिरूपात मांडले जाते आणि त्याच प्रतिरूपावरून प्रत्यक्ष भाग कापले किंवा घडवले जातात. अशा आज्ञावलींना 'कॅड' या संक्षिप्त नावाने ओळखतात. दोन भाग एकमेकांत नीट बसतील का, या प्रश्नाचे उत्तर कॅडमुळे पत्रा कापण्यापूर्वीच मिळते. तो भाग भार सोसेल का आणि विमान सुरक्षितपणे उडेल का, या प्रश्नांची उत्तरे मात्र प्रतिरूपात भरलेल्या गृहीतकांवर अवलंबून असतात. त्यामुळे वजनकाटा, भारचाचणी व चाचणी-उड्डाण यांना कॅड हा पर्याय ठरत नाही.

पार्श्वभूमी

हौशी विमानबांधणीची संघटित चळवळ प्रामुख्याने अमेरिकेत वाढली. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिन राज्यात एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था स्थापन केली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा ऑशकॉश येथे भरतो. बांधकामाचा मोठा भाग हौशी व्यक्तीने स्वतः केलेला असावा, अशी अमेरिकी नियमांची अट आहे. ती '५१ टक्के नियम' या नावाने परिचित आहे.

आरंभी विमाने कागदी नकाशांवरून बांधली जात. मिनेसोटातील बर्नार्ड पिटेनपोल यांचे फोर्ड मोटारीच्या इंजिनावर उडणारे 'एअर कॅम्पर' हे लाकडी विमान त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याचे नकाशे १९३० च्या दशकात प्रसिद्ध झाले आणि त्यावरून आजही विमाने बांधली जातात. अशा नकाशांवरून काम करताना बांधणारा पंखाच्या बरगडीची आकृती प्लायवूडवर पूर्ण मापात काढतो व तिच्यावरच साचा उभारतो.

मोठ्या कारखान्यांत हेच काम प्रशस्त जमिनीवर पूर्ण आकाराच्या वक्ररेषा आखून केले जाई. ही पद्धत जहाजबांधणीतून आली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉर्थ अमेरिकन कंपनीतील रॉय लिमिंग यांनी पी-५१ मस्टँग विमानाच्या आकारासाठी शंकुच्छेदांचे गणित वापरले. त्यामुळे पृष्ठभागावरील बिंदू हाताने आखण्याऐवजी गणिताने काढता येऊ लागले. आजच्या कॅड आज्ञावलींमधील वक्रपृष्ठांमागे हीच कल्पना पुढे विकसित झालेली दिसते.

इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटी येथे 'स्केचपॅड' ही आज्ञावली सादर केली. फ्रान्समधील दसॉ कंपनीने १९७७ पासून विमानांच्या अभिकल्पासाठी 'कॅटिया' विकसित केली. १९९४ मध्ये प्रथम उडालेले बोइंग ७७७ हे पूर्णपणे संगणकावर अभिकल्पित झालेले पहिले प्रवासी जेट विमान मानले जाते. वैयक्तिक संगणकावर चालणारी 'ऑटोकॅड' १९८२ मध्ये आणि त्रिमितीय 'सॉलिडवर्क्स' १९९५ मध्ये बाजारात आली. यानंतर हे तंत्र हळूहळू हौशी बांधणाऱ्यांच्या आवाक्यात आले. 'फ्रीकॅड' ही मुक्तस्रोत आज्ञावली विनामूल्य मिळते, तर 'फ्यूजन' व 'ऑनशेप' यांच्या छंदासाठी वापरता येणाऱ्या मर्यादित आवृत्त्या उपलब्ध आहेत.

बाह्य आकाराची मांडणी

अभिकल्पाचा प्रारंभ बहुधा पंखाच्या आडव्या छेदापासून होतो. या छेदाला एअरफॉइल म्हणतात. नाका २३०१२ सारख्या परिचित एअरफॉइलचे सहनिर्देशक मजकुराच्या साध्या फाइलीत मिळतात. इलिनॉय विद्यापीठाच्या संग्रहात अशा शेकडो छेदांची माहिती आहे. हे बिंदू कॅडमध्ये आणून त्यांतून वक्ररेषा नेली जाते आणि ती पंखाच्या रुंदीच्या मापात मोठी केली जाते.

या टप्प्यावर तीन चुका नेहमी आढळतात. पहिली चूक आवरणाच्या जाडीची आहे. एअरफॉइल ही तयार पंखाची बाहेरील रेषा असते. म्हणून आवरण ०.५ मिमी जाडीचे असल्यास बरगडीची कड त्या रेषेच्या ०.५ मिमी आत घ्यावी लागते. दुसरी चूक वक्ररेषेची आहे. बिंदू विरळ असतील, तर त्यांमधून जाणारी रेषा मध्येच लाटेसारखी वर-खाली होते. पडद्यावर ती डोळ्यांना जाणवत नाही, परंतु वक्रता दाखवणारी सुविधा वापरल्यास लगेच दिसते. तिसरी चूक मागच्या कडेची आहे. अनेक सहनिर्देशकांत ही कड शून्य जाडीची असते आणि तशी कड प्रत्यक्षात बनवता येत नाही.

एअरफॉइलचे वायुगतिक गुणधर्म कॅड सांगत नाही. त्यासाठी स्वतंत्र आज्ञावली वापराव्या लागतात. एमआयटीचे मार्क ड्रेला यांची 'एक्सफॉइल' ही आज्ञावली छेदाभोवतीच्या प्रवाहाचे गणित करते. संपूर्ण विमानाची प्राथमिक भूमिती झटपट बदलून पाहण्यासाठी नासाने विकसित केलेली 'ओपनव्हीएसपी' उपयोगी पडते. ती २०१२ पासून मुक्तस्रोत आहे.

पत्राकाम व घड्यांचे गणित

धातूच्या विमानात कॅडचा सर्वांत प्रत्यक्ष लाभ पत्राकामात होतो. वाकवलेला भाग सपाट पत्र्यावर किती लांबीचा कापावा, याचे उत्तर आज्ञावली देते. मात्र घडीची त्रिज्या आणि तटस्थ रेषेचे स्थान ही माहिती तिला बांधणाऱ्यानेच पुरवावी लागते. पत्रा वाकताना त्याची बाहेरील बाजू ताणली जाते व आतील बाजू दाबली जाते. या दोहोंमधील ज्या रेषेची लांबी बदलत नाही, ती तटस्थ रेषा होय.

उदाहरणार्थ, ०.८ मिमी जाडीचा पत्रा २.४ मिमी आतील त्रिज्येने ९० अंशांत वाकवायचा आहे आणि तटस्थ रेषा आतील पृष्ठापासून जाडीच्या ०.४४ पट अंतरावर धरली आहे. अशा वेळी वाकलेल्या भागाची लांबी सुमारे ४.३ मिमी येते. हे गणित न करता बाहेरील मापांची नुसती बेरीज केल्यास प्रत्येक घडीमागे सुमारे २.१ मिमी पत्रा जास्त कापला जातो. दोन घड्यांच्या भागात ही चूक ४ मिमीच्या वर जाते.

एवढी चूक सुताराला रंधा मारून काढता येईल. विमानाच्या पत्र्यात ती काढता येत नाही. रिव्हेटच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट असावे, असा संकेत आहे. ३.२ मिमी व्यासाच्या रिव्हेटसाठी हे अंतर ६.४ मिमी होते. छिद्रांची ओळ ४ मिमी सरकली, तर हा संकेत मोडतो आणि भाराखाली कड फाटण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून अनुभवी बांधणारे आज्ञावलीतील तयार आकड्यावर विसंबत नाहीत. ज्या पत्र्याचा व ज्या वाकणयंत्राचा वापर होणार आहे, त्यावर मोजून कापलेली एक पट्टी वाकवतात आणि मिळालेले माप प्रतिरूपात भरतात.

जुळणी व हालचाल

प्रतिरूपातील सर्व भाग एकत्र आणल्यावर दोन भाग एकाच जागेत येत आहेत का, हे आज्ञावली दाखवू शकते. नियंत्रण-यंत्रणेत या तपासणीचे महत्त्व विशेष आहे. नियंत्रण-दांडा पूर्ण मागे व एका बाजूला टोकापर्यंत नेला असता तो आसनाला किंवा वैमानिकाच्या मांडीला अडतो का, एलिव्हेटरकडे जाणारा दंड धडातील चौकटीला घासतो का, हे प्रत्येक टोकाच्या स्थितीत पाहावे लागते. केवळ मध्यस्थितीतील जुळणी पुरेशी नसते. अडथळा बहुधा दोन नियंत्रणे एकाच वेळी टोकाला गेल्यावर निर्माण होतो.

छिद्रे आधीच अचूक जागी पाडलेली असतील, तर भागच एकमेकांची जागा निश्चित करतात आणि मोठ्या साच्याची गरज कमी होते. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी स्थापन केलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीने आरव्ही मालिकेतील नंतरच्या संचांत हे तंत्र वापरले. या मालिकेतील ११,००० हून अधिक विमाने बांधून पूर्ण झाली व उडाली आहेत.

वजन व गुरुत्वमध्य

प्रतिरूपातील प्रत्येक भागाला त्याच्या पदार्थाची घनता दिल्यास वजन व गुरुत्वमध्य आपोआप मिळतो. २०२४-टी३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे २.७८ ग्रॅम असते. त्यामुळे ०.८१ मिमी जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचे वजन सुमारे २.२५ किलोग्रॅम भरते. आवरण जाड करण्याचा निर्णय किती महाग पडेल, हे अशा आकड्यांवरून तत्काळ समजते.

गुरुत्वमध्य ठरावीक मर्यादेच्या मागे गेल्यास विमान अस्थिर होते आणि गती हरवल्यावर पूर्वस्थितीत येणे अवघड किंवा अशक्य होते. ६०० किलोग्रॅमच्या विमानात १० किलोग्रॅमची बॅटरी २ मीटर मागे नेली, तर गुरुत्वमध्य सुमारे ३३ मिमी मागे सरकतो. अनुज्ञेय मर्यादा २०० मिमीची असेल, तर तिचा सहावा भाग या एका बदलातच खर्ची पडतो.

संगणकाने दिलेले वजन जवळजवळ नेहमीच प्रत्यक्षापेक्षा कमी असते. रिव्हेट, तारा, नळ्या, रंग, सांधे बुजवण्याचे द्रव्य आणि तंतुकाचेतील जास्तीचे रेझिन यांचे प्रतिरूप सहसा कोणी बनवत नाही. यासाठी तयार झालेला प्रत्येक भाग काट्यावर तोलून त्याचे खरे वजन प्रतिरूपात नोंदवण्याची प्रथा आहे. पूर्ण झालेल्या विमानाचे वजन व गुरुत्वमध्य तर तिन्ही चाकांखाली काटे ठेवून मोजावेच लागतात.

मजबुतीचे विश्लेषण

अनेक कॅड आज्ञावलींना सांत घटक पद्धतीने ताण काढण्याची सुविधा जोडलेली असते. या पद्धतीत भागाचे असंख्य लहान तुकडे कल्पून प्रत्येकातील ताण मोजला जातो व निकाल रंगीत चित्राच्या रूपात दिसतो. हे चित्र पटणारे असते. बरोबर असेलच असे नाही.

साध्या रेषीय विश्लेषणात पातळ पत्र्याला दाबाखाली पडणाऱ्या वळ्या धरल्या जात नाहीत. विमानाचे पातळ आवरण मात्र पुष्कळदा ताणाने तुटण्यापूर्वी दाबाने वळते. त्यासाठी वेगळे विश्लेषण करावे लागते. तंतुकाचेसारख्या संमिश्र पदार्थाची मजबुती तंतूंच्या दिशेनुसार बदलते. त्याला सर्व दिशांनी सारखा पदार्थ मानल्यास उत्तर निरुपयोगी ठरते. भाग कोठे व कसा धरला आहे, हे चुकीचे सांगितल्यासही तीच गत होते. प्रत्यक्षात दोन बोल्टांवर टांगलेला आधार प्रतिरूपात संपूर्ण पृष्ठावर चिकटलेला दाखवला, तर तो आहे त्याहून कितीतरी बळकट भासतो.

म्हणून नव्या अभिकल्पासाठी भारचाचणी आवश्यक मानली जाते. साधारण वर्गातील हलक्या विमानांसाठी अमेरिकी नियमावलीत दीर्घकाळ ३.८ हा मर्यादा-भारगुणांक व त्यावर १.५ हा सुरक्षागुणांक वापरला गेला. हौशी विमानांवर तो बंधनकारक नसला, तरी मार्गदर्शक म्हणून स्वीकारला जातो. या हिशेबाने ६०० किलोग्रॅमच्या विमानाच्या पंखांनी मर्यादा-भाराला २,२८० किलोग्रॅम आणि अंतिम भाराला ३,४२० किलोग्रॅम इतक्या वजनाचे बल सोसले पाहिजे; पंखांच्या स्वतःच्या वजनाची वजावट यातून होते. चाचणीसाठी पंख उलटे ठेवून त्यांवर वाळूच्या पिशव्या ठरलेल्या प्रमाणात रचतात व प्रत्येक टप्प्यावर टोकाचे वाकणे मोजतात. मोजलेले वाकणे संगणकाच्या उत्तराशी जुळले, तरच त्या विश्लेषणावर विश्वास ठेवता येतो.

प्रतिरूपापासून भागापर्यंत

कॅडमधील आराखडा लेझर, जलधारा किंवा फिरत्या कर्तकाच्या यंत्राकडे फाइलीच्या रूपाने जातो. सपाट भागांसाठी रूढ असलेल्या डीएक्सएफ फाइलीतील एकके वाचताना गोंधळ होऊ शकतो. इंचांतील आराखडा मिलिमीटर समजून वाचला गेल्यास भागाचे माप २५.४ पटींनी चुकते. मोठा फरक लगेच लक्षात येतो. कागदावर छापलेल्या साच्यातील एक-दोन टक्क्यांचा फरक मात्र सहज निसटतो. यासाठी प्रत्येक छापील साच्यावर १०० मिमीची एक तपासरेषा घालतात व ती पट्टीने मोजूनच साचा वापरतात.

बर्ट रुटान यांच्या व्हॅरीईझी व लाँग-ईझी या विमानांमुळे फेसाचा ठोकळा तापलेल्या तारेने कापून त्यावर तंतुकाच चढवण्याची पद्धत हौशी बांधणाऱ्यांत रुजली. आता अशी तार संगणकाच्या आज्ञेवर चालवता येते. तार स्वतःच्या जाडीपेक्षा अधिक फेस वितळवते; तेवढे अंतर आराखड्यात न सोडल्यास पंखाचा छेद सर्व बाजूंनी बारीक होतो.

भूमिती अचूक असूनही निर्मितीची पद्धत भाग बिघडवू शकते, याचे ठळक उदाहरण २०२३ मध्ये समोर आले. व्हॅन्स एअरक्राफ्टने मागणी पूर्ण करण्यासाठी काही भागांची छिद्रे दाबून पाडण्याऐवजी बाहेरून लेझरने कापून घेतली होती. लेझरने छिद्राच्या कडेवर ठेवलेल्या सूक्ष्म खाचेमुळे, रिव्हेटचे डोके बसवण्यासाठी कडा दाबून खोलगट करताना काही छिद्रांना तडे गेले. छिद्रांची जागा व व्यास आराखड्याप्रमाणेच होते. कंपनीला मोठ्या संख्येने भाग बदलून द्यावे लागले. या व इतर आर्थिक कारणांमुळे डिसेंबर २०२३ मध्ये तिने पुनर्रचनेसाठी दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण घेतले आणि २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर पडली.

त्रिमितीय मुद्रणाबाबतही हीच सावधगिरी लागते. घरगुती मुद्रणयंत्रात सर्रास वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सियसला मऊ पडू लागते. इंजिनाच्या कप्प्यातील तापमान याहून पुष्कळ अधिक असते. जुळणी तपासण्यासाठी किंवा साचे बनवण्यासाठी असे भाग योग्य असतात. इंजिनाजवळच्या हवानळीसाठी नसतात.

मूळ आराखड्यातील बदल

प्रतिरूपात एखादा भाग हलवणे अत्यंत सोपे असते आणि यातच या तंत्राचा एक धोका आहे. मूळ अभिकल्पकाने एखादी वस्तू विशिष्ट जागी का ठेवली, हे प्रतिरूप सांगत नाही.

गायक जॉन डेन्व्हर यांचा १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागरात लाँग-ईझी विमानाच्या अपघातात मृत्यू झाला. हे विमान दुसऱ्या व्यक्तीने बांधलेले होते व डेन्व्हर यांनी ते नुकतेच विकत घेतले होते. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या पायांमध्ये, समोर होती. या विमानात ती त्याच्या डाव्या खांद्यामागे बसवलेली होती. तिच्यापर्यंत हात नेण्यासाठी वैमानिकाला शरीर वळवावे लागे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या जागेला, तसेच कळीवर व इंधनमापकावर खुणा नसण्याला आणि विमानाच्या अपुऱ्या सरावाला अपघाताच्या कारणांत स्थान दिले.

हा बदल संगणकामुळे झाला नव्हता. तथापि केवळ भाग एकमेकांना अडतात का, एवढेच तपासणाऱ्या प्रतिरूपाने तो निर्दोष ठरवला असता, कारण खांद्यामागे जागा मोकळी होती. पट्टे बांधून बसलेल्या माणसाचे योग्य मापाचे प्रतिरूप आसनावर ठेवून त्याचा हात कोठवर पोहोचतो, हे पाहिले असते, तरच दोष दिसला असता. म्हणून आसन, कळी व मापके यांच्या मांडणीसाठी पुठ्ठा किंवा लाकडाचा पूर्ण आकाराचा सांगाडा करून त्यात प्रत्यक्ष बसून पाहण्याची जुनी रीत कॅड वापरणारेही पाळतात.

नियम व नोंदी

अमेरिकी नियमात भाग घडवणे व त्यांची जुळणी या कामांचा विचार होतो. व्यावसायिकाकडून पैसे देऊन करून घेतलेले काम हौशी व्यक्तीचे काम म्हणून मोजले जात नाही. त्यामुळे स्वतःच्या आराखड्यावरूनही सर्व भाग बाहेरून कापून घेतल्यास ५१ टक्के नियमाची पूर्तता अडचणीत येऊ शकते. नव्या विमानाला सुरुवातीला ठरावीक क्षेत्रात, बहुधा २५ किंवा ४० तासांचा चाचणी-उड्डाणांचा टप्पा पूर्ण करावा लागतो. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था अभिकल्पाचीही छाननी करते.

प्रत्येक बदलाची तारीख, कारण व आवृत्ती नोंदवणे हा कॅडच्या वापराचा आवश्यक भाग मानला जातो. फाइली एखाद्या आज्ञावलीच्या खास स्वरूपाबरोबरच स्टेपसारख्या सामायिक स्वरूपातही जपल्या जातात. विमान अनेक दशके टिकते; ज्या आज्ञावलीत ते रेखाटले, ती तेवढी टिकेलच असे नाही.

भारतातील उदाहरणे

बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात रुटान यांच्या लाँग-ईझीवर आधारित एक हलके संशोधन-विमान बांधून उडवले होते. त्यातून मिळालेला संमिश्र पदार्थांचा अनुभव संस्थेच्या पुढील कामास उपयोगी पडला.

महाराष्ट्रात वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईतील कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत झालेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते प्रदर्शित करण्यात आले. २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली आणि २०१९ मध्ये त्याला उड्डाण-परवाना मिळाला. गच्चीवर किंवा तळघरात बांधलेले विमान अखेरीस बाहेर न्यावेच लागते. त्यामुळे विमानाबरोबरच दरवाजा, जिना व वळण यांची मापेही प्रतिरूपात घेणे आणि पंख व धड कोठे सुटे होतील हे आधीच ठरवणे, हा अशा ठिकाणच्या नियोजनाचा भाग ठरतो.